ॲक्सेस डिनाइड १०४५ आणि ॲक्सेस डिनाइड १०४४: शब्द तेच, भानगड वेगळी

मायएसक्यूएल या डेटाबेस सर्व्हरने ॲक्सेस डिनाइड (प्रवेश नाकारला) म्हटलं की बहुतेक जण सरळ पासवर्ड रीसेट करायला धावतात, तेवढ्यात कुणीतरी सांगतं ग्रँट ऑल (म्हणजे सगळ्या परवानग्या) देऊन टाक, तेही करून होतं, आणि एरर तिथल्या तिथे. कारण एररच्या शेजारचा नंबर कुणी वाचलेलाच नसतो, आणि खरं निदान त्या नंबरातच असतं.

सर्व्हर दोनदा तपासतो. पहिल्यांदा तुम्ही कोण ते बघतो, तिथे अडलात तर १०४५. ओळख पटल्यावर हे काम करायची परवानगी आहे का ते बघतो, तिथे अडलात तर डेटाबेससाठी १०४४ आणि टेबलसाठी ११४२. म्हणजे १०४४ आला तर पासवर्ड बरोबरच आहे, त्याला हात लावू नका. आणि लॉगिन करताना आलेल्या १०४५ ला कितीही ग्रँट दिलेत तरी उपयोग शून्य, परवानग्या बघायची वेळच आलेली नसते.

गोंधळ वाढतो तो इथे, की १०४४ लॉगिन करतानाही येऊ शकतो. कनेक्ट होताना कमांडमध्ये डेटाबेसचं नाव दिलं असेल तर ओळख पटल्यावर लगेच तो डेटाबेस उघडायला जातो आणि परवानगी नसली की तिथेच आपटतो, आपल्याला वाटतं लॉगिनच झालं नाही. डेटाबेसचं नाव टाइप करताना चुकलं तरी साध्या यूजरला बऱ्याचदा हाच १०४४ दिसतो, असा डेटाबेस नाहीये हे सर्व्हर परवानगी नसलेल्याला सांगत बसत नाही. नाव सोडून नुसतं लॉगिन करून बघा, आत गेलात तर प्रश्न परवानगीचाच.

आता १०४५, हा जास्त छळतो. मेसेजच्या शेवटी यूजिंग पासवर्ड यस की नो ते आधी बघा. नो असेल तर पासवर्ड चुकलेला नाही, तो पाठवलाच गेला नाही, ॲपची कॉन्फिग फाइल वाचली जात नसेल किंवा कमांडमध्ये पासवर्डसाठीचा पी (-p) राहिला असेल. यस असेल तरी पासवर्डच चुकलाय असं लगेच धरू नका, कारण मायएसक्यूएलमध्ये अकाउंट म्हणजे नुसतं यूजरनेम नाही, यूजरनेम अधिक होस्ट, म्हणजे ज्या मशीनवरून जोडता ते. लोकलहोस्टवरचा (सर्व्हरच्याच मशीनवरचा) रवी आणि टक्क्याच्या चिन्हाचा म्हणजे कुठूनही येणारा रवी ही दोन स्वतंत्र अकाउंट, दोघांचे पासवर्ड वेगळे, परवानग्या वेगळ्या. तुम्ही एकाचा पासवर्ड बदलता आणि ॲप दुसऱ्यावर जाऊन आदळतं. जुन्या सर्व्हरवर बिननावाचं लोकलहोस्ट अकाउंट पडून असेल तर ते टक्केवाल्या रवीच्या आधी जुळतं, कारण होस्ट जितका नेमका तितका त्याचा नंबर आधी, अशी अकाउंट काढूनच टाकावीत.

हीच गोष्ट परवानगीच्या बाजूलाही नडते. लॉगिन झालं पण ११४२ येतोय, आणि तुम्ही शपथेवर सांगताय की ग्रँट दिलीय, तर सिलेक्ट यूजर आणि सिलेक्ट करंट यूजर, दोन्ही चालवून बघा. पहिलं सांगतं तुम्ही कोण म्हणून आलात, दुसरं सांगतं सर्व्हरने कोणतं अकाउंट धरलं. दोन्ही वेगळी निघाली तर ग्रँट त्या दुसऱ्याला हवी. शो ग्रँट्समध्ये नुसतं यूसेज दिसलं तर त्याचा अर्थ एकही परवानगी नाही, फक्त आत येता येतं. ग्रँट दिल्यावर फ्लश प्रिव्हिलेजेस (परवानग्या पुन्हा वाचायला लावणारी कमांड) करायची गरज नसते, ते फक्त परवानग्यांच्या टेबलांत हाताने बदल केले तर. मात्र ग्लोबल (सगळ्या डेटाबेसना लागू) परवानगी दिली असेल तर चालू कनेक्शनला ती लागू होत नाही, तोडून परत जोडावं लागतं. आणि ऑल देऊ नका हो, ॲपला सिलेक्ट, इन्सर्ट, अपडेट, डिलीट बहुतेक वेळा पुरतं.

१६९८ दिसला तर तो वेगळा पाहुणा. उबुंटूवर रूटचं (मुख्य ॲडमिनचं) अकाउंट बऱ्याचदा सॉकेटवरून, म्हणजे मशीनवरच्या तुमच्या यूजरवरून, ओळखलं जातं, पासवर्ड बघितलाच जात नाही, सुडो (ॲडमिन म्हणून चालवायची कमांड) लावून मायएसक्यूएल उघडलं की काम होतं. रीसेटची गरज नाही.

एवढं सगळं बघूनही रूटचा पासवर्ड खरंच हरवला असेल तर तो परत मिळत नाही, सर्व्हरकडे फक्त हॅश (ज्यातून मूळ पासवर्ड काढता येत नाही असं रूप) असतो, नवाच द्यावा लागतो. बरेच जण यासाठी सर्व्हर सुरू करताना स्किप ग्रँट टेबल्स हा पर्याय लावतात. मला ते आवडत नाही, कारण तेवढा वेळ ओळख आणि परवानगी दोन्ही तपासण्या बंद होतात, मशीनवरचा कुणीही रूटसारखा आत. मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीत निदान नेटवर्क आपोआप बंद होतं, जुन्यात तेही नाही. त्यात अल्टर यूजर (पासवर्ड बदलायची कमांड) चालवायच्या आधी फ्लश प्रिव्हिलेजेस करावं लागतं, नाहीतर चालत नाही. आणि पासवर्ड फंक्शन वापरणारे जुने उपाय ८.० वर चालत नाहीत, ते फंक्शनच काढलंय. त्यापेक्षा इनिट फाइल बरी: एका फाइलमध्ये अल्टर यूजरची एक ओळ, फाइल फक्त मायएसक्यूएलच्या यूजरला वाचता येईल अशी, सर्व्हर बंद करून त्या फाइलसकट सुरू करायचा, तो सुरू होतानाच ती ओळ चालवतो. मग नव्या पासवर्डने आत जाता येतंय ना बघा आणि फाइल लगेच डिलीट करा, त्यात पासवर्ड उघडा लिहिलेला असतो.