सहाच्या आधीचा चहा: जहाजावर दुपारी काय घालत आणि का

क्युनार्ड कंपनीच्या जहाजांवर कपड्यांचे नियम लागू होतात संध्याकाळी सहानंतर. त्यात काही रात्री 'गाला' असतात, तेव्हा पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट घालावा आणि बायकांनी गाऊन किंवा तसंच काही भारी नेसावं अशी अपेक्षा असते. दुपारचा चहा मात्र साडेतीनचा, म्हणजे नियम सुरू व्हायच्या अडीच तास आधीचा. तरीही क्रूझचं तिकीट काढलेल्या माणसांची सगळ्यात जास्त घालमेल होते ती या चहावरूनच. जाहिरातीतलं चित्रच तसं असतं: पांढरे हातमोजे घातलेले वेटर, चकचकीत किटल्या, एकावर एक रचलेल्या ताटल्यांत बोटाएवढी सँडविचं आणि कोपऱ्यात व्हायोलिन वाजवणारी मंडळी. हे बघितलं की पैठणी बॅगेत टाकावी की नको, असा प्रश्न पडणारच.

या प्रश्नाचा उगम शोधत मागे गेलं तर गंमत वाटते. आज ज्या चहासाठी आपण नटायला निघतो, तो कपड्यांच्या बाबतीत सुरुवातीपासून सैलावण्याचा प्रसंग होता.

दुपारच्या चहाचं श्रेय परंपरेने बेडफर्डची सातवी डचेस अ‍ॅना हिला देतात. काळ साधारण १८४० चा. इंग्लंडच्या वरच्या वर्गात रात्रीचं जेवण सरकत सरकत आठपर्यंत गेलं होतं आणि दुपारचं खाणं नावापुरतंच असायचं. मधल्या वेळेत पोटात खड्डा पडायचा, म्हणून चहा, पाव-लोणी आणि केक. हे खाणं बैठकीच्या खोलीत, बुटक्या टेबलांभोवती व्हायचं. (आपल्याकडे कार्यक्रमपत्रिकेवर मोठ्या ऐटीत 'हाय टी' छापतात, तो प्रकार मुळात हा नव्हेच. इंग्लंडात हाय टी म्हणजे कामकरी माणसाचं संध्याकाळचं जेवण, रीतसर उंच टेबलाशी बसून, मांस-बटाट्यासकट. उच्चभ्रूंचा चहा बुटक्या टेबलावरचा.)

त्या काळी बाईचा दिवस कपडे बदलण्यातच जायचा. सकाळचा पोशाख वेगळा, बाहेर फिरायचा वेगळा, रात्रीच्या जेवणाचा तर फारच वेगळा, आणि या सगळ्यांच्या आत करकचून आवळलेलं कॉर्सेट. १८७० च्या दशकात या वेळापत्रकात एक फट सापडली. बाहेरून आल्यावर आणि जेवणासाठी तयार होण्याआधी, चहाच्या तासाभरासाठी एक सैल, पायघोळ झगा आला: 'टी गाऊन'. खाली कॉर्सेट सैल सोडायचं किंवा काढूनच ठेवायचं. अठराव्या शतकातल्या पाठीवरून सळसळत उतरणाऱ्या फ्रेंच झग्यांची त्यावर छाप होती, जपानी किमोनोचीही होती. कापड भारी, लेस भरपूर, पण मूळ हेतू श्वास घेता यावा इतकाच. आपल्याकडच्या गाऊनची ही श्रीमंत आजी म्हणायला हरकत नाही, फक्त ती दूध घ्यायला दारात जायची नाही.

मात्र टी गाऊन घालायची ती यजमानीण, आणि फार तर तिच्या घरी मुक्कामाला आलेल्या बायका. बाहेरून चहाला येणाऱ्या बायका फिरायच्या पोशाखात, डोक्यावर हॅट आणि हातात हातमोजे अशा यायच्या. खाताना हातमोजे काढायचे, हॅट काढायची नाही. म्हणजे एकाच खोलीत एकाच चहाला दोन तऱ्हा: घरातली सैल आणि दारातली आवळलेली. कपडे चहावर ठरत नव्हते, तुम्ही त्या घरात कोण आहात यावर ठरत होते.

जहाजावर हा हिशोब कोलमडला. तिथे यजमान कोण आणि पाहुणा कोण? सगळेच घरापासून दूर, पण प्रत्येकाची झोपायची खोली पन्नास पावलांवर. ना धड घर, ना धड परगाव. टी गाऊन घालून डेकवर येणं म्हणजे झोपायच्या कपड्यांत रस्त्यावर येण्यासारखं. शेवटी तोडगा काढला तो वाऱ्याने आणि ट्रंकेने.

आधी वारा. उत्तर अटलांटिकवर चहा बऱ्याचदा डेकवरच, ओळीने मांडलेल्या आरामखुर्च्यांवर मिळायचा. पायांवर जाड लोकरी ब्लँकेट, हातात कप, समोर राखाडी समुद्र. अशा ठिकाणी लेस काय कामाची! म्हणून बायकांना सल्ला असे तो लोकरी शिवणीचा कोट-स्कर्ट, लांब ओव्हरकोट आणि हनुवटीखाली बांधलेली हॅट. पुरुष साध्या लाउंज सूटमध्ये, डोक्यावर कापडी टोपी. (याच खुर्च्यांवर सकाळी अकराच्या सुमाराला 'बीफ टी' फिरायचा. नावात 'टी' असला तरी तो गोमांसाचा कढत रस्सा. नव्या हिंदी प्रवाशाने नुसतं 'टी' ऐकून हात पुढे केला असेल तर काय झालं असेल, याचा विचार मी अधूनमधून करतो.)

मग ट्रंक. बोटीचं सामान तीन भागांत वाटलं जाई आणि त्यावर तशा चिठ्ठ्या डकवत: केबिनमध्ये हवं असलेलं, प्रवासात लागेल असं आणि प्रवासात न लागणारं. तिसरं थेट तळघरात जायचं. दुसरं ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी उघडून मिळायचं. हाताशी राहायची ती बंकखाली सरकेल अशी बुटकी केबिन-ट्रंक. त्यात रात्रीच्या जेवणाचे कपडे ठेवल्यावर उरलेल्या जागेत जे मावेल ते दिवसभर, अर्थात चहालाही. पहिल्या रात्री जेवायला कुणी नटायचं नाही हा जहाजी रिवाजही त्यातूनच आला. सामान सोडायलाच वेळ झालेला नसे. आजही अनेक जहाजांवर पहिल्या रात्री कपड्यांच्या नियमांतून सवलत असते.

मुंबईच्या वाटेवर तिसरी गोष्ट आली: उकाडा. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि पी अँड ओ कंपनीच्या बोटी भूमध्य समुद्रातून तांबड्या समुद्रात सरळ उतरू लागल्या. पोर्ट सैदला कपड्यांचा मोसम बदलायचा. लोकरी कपडे आत, पांढरे बाहेर. हिंदुस्थानात पहिल्यांदा निघालेले साहेब तिथल्या सायमन आर्झ्टच्या दुकानात सोला हॅट विकत घेत. तांबड्या समुद्रात रात्रीच्या जेवणालाही कोट अंगावर ठेवणं कठीण, म्हणून पुढे 'रेड सी रिग' नावाचा प्रकार रूढ झाला: पांढरा शर्ट, काळी विजार, कमरेला पट्टा आणि कोटाला रजा. तो पट्टा म्हणजे आपला कमरबंदच, इंग्रजीत जाऊन 'कमरबंड' झालेला. जेवणाच्या टेबलावरच असं होतं म्हटल्यावर दुपारच्या चहाला कोण विचारतो? पांढरा ड्रिलचा सूट, बायकांना सुती मलमल. 'पॉश' हा शब्दही याच वाटेवर जन्मला असं हटकून सांगतात, की जाताना डाव्या बाजूची आणि येताना उजव्या बाजूची सावलीतली केबिन घेणाऱ्यांच्या तिकिटावर 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' असा शिक्का असे. कथा झकास आहे, पण तसं शिक्क्याचं तिकीट आजवर कुणाला सापडलेलं नाही.

या बोटींवर चढणाऱ्या आपल्या माणसांची अडचण निराळीच होती. सप्टेंबर १८८८ मध्ये मुंबईहून 'क्लाइड' बोटीने निघालेल्या अठरा वर्षांच्या मोहनदास गांधींनी बोटीवर काळा सूट वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट खास इंग्लंडात उतरताना घालायला जपून ठेवला. उतरले तेव्हा सप्टेंबर संपत आला होता आणि पांढऱ्या कपड्यांत ते एकटेच. आत्मकथेत त्यांनी ही फजिती मोकळेपणाने सांगितली आहे. पांढरा रंग तांबड्या समुद्रातला, काळा टेम्सवरचा. त्यांनी बरोबर उलटं केलं होतं.

त्याआधी पाच वर्षं, एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. जाण्याआधी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या भाषणात त्यांनी बजावलं होतं की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. पोशाख बदलायचा नाही, हे त्यातच आलं. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडतात आणि तिकडे थंडीही हाडं गोठवणारी. अमेरिकेत त्यांनी साडी सोडली नाही, नेसण्याची तऱ्हा बदलली आणि गुजराती पद्धतीने पायघोळ नेसू लागल्या. परक्या देशात काय घालावं या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

त्यांचे पती गोपाळराव पुढे वेगळ्याच चहाने गाजले. १८९० मध्ये पुण्यातल्या पंच हौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे, टिळक, गोखले वगैरे मंडळींना चहा-बिस्किटं दिली गेली. कोण कोण हजर होतं ती यादी गोपाळरावांनी वर्तमानपत्रात पोचवली आणि ग्रामण्य, म्हणजे त्यांना वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. तेव्हा आपल्याकडे प्रश्न चहाला काय घालायचं हा नव्हताच, चहा घ्यायचा की नाही हा होता.

गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी १९३१ मध्ये 'राजपुताना' बोटीने निघाले तेव्हा पंचा नेसून. सोबतच्या मंडळींनी आणलेलं सामान पाहून ते चिडले आणि त्यातलं बरंचसं एडनहून परत पाठवायला लावलं. त्या नोव्हेंबरमध्ये बकिंगहॅम राजवाड्यात पाचव्या जॉर्जने प्रतिनिधींना दुपारी बोलावलं, तिथेही ते पंचा, शाल आणि चपला अशाच वेशात गेले. राजाच्या अंगावर दोघांना पुरतील इतके कपडे होते, हा त्यांचा शेरा प्रसिद्धच आहे.

चहाच्या टेबलापाशी कपड्यांची निवड ज्याला कधीच नव्हती, तो म्हणजे चहा आणून देणारा. पी अँड ओच्या बोटींवर कामाची वाटणी गाव बघून व्हायची. डेकवर गुजरातचे आणि रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान खलाशी, आणि जेवणघरात गोव्याचे तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. कडक इस्त्रीचा पांढरा कोट, हातात ट्रे, बोट कितीही हलली तरी कप स्थिर. किनाऱ्यावर असताना ही मंडळी धोबी तलावाच्या आसपासच्या, गावागावांनी चालवलेल्या 'कुडां'मध्ये, म्हणजे सामाईक मुक्कामाच्या घरांत, राहत आणि पुढच्या बोटीची वाट बघत. आजही क्रूझवर चहाची किटली धरणारा हात गोव्याचा किंवा मुंबईचा असण्याची शक्यता बरीच आहे.

दरम्यान टी गाऊन मोठा होऊन घराबाहेर पडला होता. लंडनची 'ल्युसिल', म्हणजे लेडी डफ गॉर्डन, अशा तलम गाऊनांसाठी नावाजलेली. ती १९१२ मध्ये टायटॅनिकवर होती आणि पहिल्या क्रमांकाच्या होडीतून वाचली. त्याच सुमाराला चहाबरोबर टँगो नाचायची टूम निघाली, मग झगा आखूड झाला, पोटरीपर्यंत आला आणि त्याचा 'टी ड्रेस' झाला. पहिल्या महायुद्धानंतर तर कॉर्सेटच गेलं, तेव्हा त्यातून सुटका म्हणून काढलेल्या कपड्याचं वेगळं प्रयोजनच उरलं नाही.

बोटींचंही प्रयोजन गेलं. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली आणि आठवड्याचा प्रवास तासांवर आला. उरलेल्या बोटींनी कुठेतरी पोचवण्याऐवजी नुसतं फिरवणं हाच धंदा केला. कॅरिबियनमधल्या नव्या कंपन्यांनी नटणं-थटणं हळूहळू सोडलं; नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' म्हणत रात्रीच्या कपड्यांची सक्तीच काढून टाकली. क्युनार्डने नेमकं उलट केलं आणि जुनेपणाच विकायला काढला. २००४ मध्ये आलेल्या 'क्वीन मेरी २'च्या क्वीन्स रूममध्ये, म्हणजे तिथल्या नाचाच्या दालनात, दुपारचा चहा होतो, आणि सुरुवातीला सांगितलेलं ते चित्र तिथलंच. त्यातले हातमोजे वेटरच्या हातात आहेत, पाहुण्यांच्या नव्हे, हे मात्र नीट बघितलं जात नाही.

तेव्हा पैठणीचं म्हणाल तर ती रात्रीच्या गालासाठी राखावी. चहाला कॉलरचा शर्ट आणि विजार, कुर्ता, सुती किंवा हलकी रेशमी साडी, साधा ड्रेस, एवढ्यात भागतं. एसी कडक असतो म्हणून शाल बरी, आणि डेकवरून जायचं असेल तर पदराला पिन हवीच. ओले पोहण्याचे कपडे आणि बाथरोब मात्र चहाच्या दालनात चालत नाहीत. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलियाची क्रूझ सुरू आहे. तिकडे सुट्टीचा माहोल जास्त, त्यामुळे एवढाही विचार करायला नको.

क्वीन्स रूममध्ये साडेचारच्या सुमाराला वादक आपली वाद्यं पेटीत ठेवतात, वेटर ताटल्या उचलायला लागतात, आणि लोक घड्याळ बघत लिफ्टकडे निघतात. कपडे बदलायचे असतात.