पाळी फक्त माणसाला आणि माकडांनाच येते का?

'मासिक पाळी फक्त माणसात आणि माकडांत' हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की ते खोडून काढायलाच हवं. वटवाघळांच्या काही जातींनाही पाळी येते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली फुलांतला मधुरस पिणारी ग्लॉसोफेगा, फळं खाणारी कॅरोलिया ही त्यातली नावं. आशियातल्या रूसेटस या फळं खाणाऱ्या वटवाघळाचं चक्र तर साधारण महिन्याभराचं, जवळपास आपल्याएवढंच.

मग हे लक्षात का आलं नाही? एवढ्याशा जीवाचा रक्तस्राव तो किती! मायक्रोस्कोपखाली गर्भाशयाचा पातळ काप ठेवला, की अस्तर सुटून आलेलं आणि त्यात रक्तपेशी मिसळलेल्या दिसतात.

खरी गंमत कारणात आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत गर्भाकडून संकेत आला तरच अस्तर त्याच्यासाठी बदलतं. पाळी येणाऱ्या प्राण्यांत मात्र प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे (हार्मोनमुळे) ते दर चक्रात आधीच तयार होतं. गर्भ राहिला नाही, प्रोजेस्टेरॉन उतरलं, की तयार अस्तर गळतं.

कुत्रीला दिसणारं रक्त म्हणजे पाळी नव्हे. ते बीज सुटण्याआधी, माजावर येताना येतं. पाळी येते बीज सुटून गेल्यावर.

आता उलट टोकही नको. वटवाघळांच्या १,४०० हून जास्त जाती आहेत आणि पाळीची नोंद त्यातल्या मोजक्याच जातींत आहे. थंड प्रदेशातल्या कित्येक माद्या तर हिवाळाभर शुक्राणू गर्भाशयात जपून ठेवतात आणि वसंतात बीज सोडतात. त्यांचं गणितच वेगळं.