स्प्रिंग कापली की मऊ होते?

कॉइल स्प्रिंगचं एक वेटोळं कापलं की ती मऊ पडते, म्हणून जुनी गाडी फुकटात खाली बसते, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. खरं तर उलटं होतं. वेटोळी घटली की स्प्रिंग कडक होते: काम करणारी, म्हणजे प्रत्यक्ष दबणारी वेटोळी 8 होती, 7 उरली, तर कडकपणा सुमारे 14 टक्के वाढतो. गाडी खाली येते ती स्प्रिंग आखूड झाल्यामुळे. पण चाकाला वर जायला जागाही तेवढीच कमी उरते, आणि वाढलेला कडकपणा ती उणीव भरून काढत नाही. मग खड्ड्यात गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे चाकाची वरची धाव अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आदळते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर जुनेच असतील तर बोलायलाच नको! गॅस कटरनं कापणं तर शुद्ध वेडेपणा. उष्णतेनं पोलादाचं पाणीच उतरतं. शिवाय चाक अधांतरी लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून निसटू शकते.