चित्रपट पाहण्याआधीच ठरणारे दावेदार: ऑस्करच्या अभिनय पुरस्कारांविषयीच्या अटकळींची पार्श्वभूमी

ऑस्करचा सोहळा आटोपून आठवडा उलटत नाही तोच पुढच्या वर्षीच्या सर्वोत्कृष्ट अभिनेता आणि अभिनेत्री यांच्या संभाव्य नावांच्या याद्या फिरू लागतात. त्यांतले बहुतेक चित्रपट तेव्हा कोणीच पाहिलेले नसतात. काही संकलनाच्या टेबलावर असतात, तर काहींचे चित्रीकरणही पुरे झालेले नसते. तरीही नावे निघतात. नटाला याआधी किती वेळा हुलकावणी मिळाली, दिग्दर्शकाचा लौकिक काय, भूमिका एखाद्या खऱ्या व्यक्तीची आहे का आणि चित्रपट वर्षाच्या कोणत्या महिन्यात येणार, एवढ्या सामग्रीवर दावेदार ठरवले जातात. वरवर हा रिकामपणाचा उद्योग वाटतो. पण त्याचा इतिहास पाहू लागले की लक्षात येते, की या अटकळींमागे कुतूहल जेवढे होते, तेवढाच किंवा त्याहून अधिक हात प्रचाराचा होता.

पहिल्या वर्षी अटकळीला जागाच नव्हती. १६ मे १९२९ रोजी हॉलीवूडच्या रूझवेल्ट हॉटेलमध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमी या हॉलीवूडमधील संस्थेचे पहिले पुरस्कार दिले गेले, तेव्हा विजेत्यांची नावे जाहीर होऊन तीन महिने झाले होते. सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरलेले एमिल यानिंग्ज तर सोहळ्याआधीच पुरस्कार घेऊन युरोपला परतले होते. पुढच्या वर्षापासून नावे गुप्त ठेवण्याची पद्धत आली, पण ती अर्धीमुर्धी होती: वर्तमानपत्रांना निकाल आधी कळवला जाई आणि त्यांनी तो सोहळ्याच्या रात्री ठरलेल्या वेळेनंतर छापावा, अशी अट असे. म्हणजे उत्सुकता वाचकांपुरती होती. बातमीदारांना सगळे ठाऊक असे.

या काळातला एक प्रसंग मात्र अटकळींच्या इतिहासात आवर्जून नोंदवायला हवा. १९३४ सालच्या चित्रपटांसाठी अभिनेत्रींची नामांकने जाहीर झाली, तेव्हा ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’मधील बेटी डेव्हिस यांचे नाव त्यांत नव्हते आणि त्यावरून एवढा गदारोळ झाला, की मतपत्रिकेवर नसलेले नाव हाताने लिहिण्याची मुभा अकादमीला द्यावी लागली. आता डेव्हिस जिंकणार, असे वातावरण तयार झाले. नामांकन असलेल्या क्लॉडेट कोल्बेर यांनाही आपल्या वाट्याला काही येईल असे वाटत नव्हते, म्हणून त्या २७ फेब्रुवारी १९३५ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कची गाडी पकडण्यासाठी स्टेशनवर गेल्या होत्या. विजेती म्हणून त्यांचेच नाव निघाले. त्यांना स्टेशनवरून घाईघाईने सोहळ्यात आणले गेले. प्रवासाच्या कपड्यांतच त्यांनी पुरस्कार स्वीकारला आणि गाडीसाठी पुन्हा धाव घेतली. डेव्हिस यांना पुढच्या वर्षी ‘डेंजरस’साठी पुरस्कार मिळाला, तो आदल्या वर्षीची भरपाई आहे असे त्या स्वतःच मानत. ‘यंदा यांची पाळी आहे’ हा आजच्या प्रत्येक यादीतला हुकमी युक्तिवाद बहुधा तेव्हापासूनचाच. याच वादानंतर मतमोजणी प्राइस वॉटरहाउस या हिशेब तपासणाऱ्या संस्थेकडे सोपवली गेली.

खरी गुप्तता आली ती एका वर्तमानपत्राच्या घाईमुळे. २९ फेब्रुवारी १९४० रोजी लॉस एंजेलिस टाइम्सने अट मोडून संध्याकाळच्या आवृत्तीतच विजेत्यांची नावे छापली आणि सोहळ्याला निघालेल्या पाहुण्यांना आपला निकाल वाटेतच वाचायला मिळाला. परिणामी १९४१ पासून निकाल मोहोरबंद लिफाफ्यांत ठेवले जाऊ लागले. बातमीदारांच्या हातातली खात्रीची माहिती गेली, सदरे मात्र रोज भरायची होतीच. ती जागा अंदाजांनी भरून निघाली.

त्या मोकळ्या जागेचा उपयोग प्रचारासाठी कसा करायचा, हे पहिल्यांदा नेमके ओळखले ते हेन्री रॉजर्स या प्रसिद्धिप्रमुखाने. त्यांच्या अशील जोन क्रॉफर्ड यांची तेव्हा पडती बाजू होती. १९३८ मध्ये चित्रपटगृहांच्या मालकांनी दिलेल्या एका जाहिरातीत त्यांना ‘तिकीटबारीचे विष’ ठरवून झाले होते आणि १९४३ मध्ये त्यांचा एमजीएम या चित्रपट कंपनीशी असलेला अनेक वर्षांचा करार संपला होता. ‘मिल्ड्रेड पिअर्स’ हे वॉर्नर ब्रदर्सकडे मिळालेले पुनरागमन होते. चित्रीकरण चालू असतानाच रॉजर्स यांनी निर्माते जेरी वॉल्ड यांना गळ घातली, की सदरलेखिका हेडा हॉपर यांच्या कानावर एवढेच घाला: क्रॉफर्ड यांचे काम असे काही उतरते आहे, की ऑस्कर त्यांनाच मिळावे. हॉपर यांनी ते छापले. एकीने छापले म्हणून दुसऱ्यांनी उचलले, आणि चित्रपट पडद्यावर येण्यापूर्वीच क्रॉफर्ड दावेदार झाल्या. रॉजर्स यांनी पुढे हे सारे आपल्या आठवणींत उघडपणे सांगितले आहे.

शेवट तर एखाद्या पटकथेत शोभावा असा होता. ७ मार्च १९४६ च्या रात्री क्रॉफर्ड आजारी असल्याचे सांगून घरीच राहिल्या. पुरस्कार त्यांनाच जाहीर झाला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ यांनी तो त्यांच्या वतीने घेतला आणि त्या पलंगावर बसल्या बसल्या हातात ऑस्करची बाहुली धरून छायाचित्रकारांना सामोऱ्या गेल्या. आजार खरा होता की पराभवाची धास्ती, यावर आजही तर्क चालतात. त्या अभिनयाला पुरस्कार मिळायला नको होता असे कोणी म्हणणार नाही. पण मतदारांनी तो अभिनय ‘ऑस्करयोग्य’ या पाटीखालीच प्रथम पाहिला, हेही तितकेच खरे. लवकर केलेल्या अटकळीचे बळ नेमके इथे आहे. ती कोण जिंकणार हे क्वचितच ठरवते. कोणाकडे पाहायचे हे मात्र ठरवते.

त्यानंतर चित्रपट व्यवसायाच्या नियतकालिकांत ‘आपल्या विचारार्थ’ अशा मथळ्याच्या जाहिरातींची रीतच पडली. तिची अतिशयोक्ती १९६१ मध्ये दिसली. ‘द अलामो’साठी सहायक अभिनेत्याचे नामांकन मिळालेल्या चिल विल्स यांनी मतदारांची नावे छापून आणि त्यांना आपले भाऊबंद म्हणवून इतक्या भडक जाहिराती दिल्या, की त्यांची टिंगल झाली आणि पुरस्कार ‘स्पार्टाकस’साठी पीटर उस्टिनोव्ह यांना गेला. त्याउलट जॉर्ज सी. स्कॉट यांनी १९७१ मध्ये या चढाओढीचाच निषेध म्हणून ‘पॅटन’साठीचा पुरस्कार नाकारला. नको म्हणूनही तो त्यांनाच जाहीर झाला होता.

आजच्या अटकळींना जो शास्त्राचा आव आला आहे, तो मधल्या पुरस्कारांच्या साखळीमुळे. न्यूयॉर्कच्या समीक्षकांचे पुरस्कार १९३५ पासूनचे आणि गोल्डन ग्लोब १९४४ पासूनचे. पण निर्णायक ठरली ती १९९५ मध्ये सुरू झालेली अभिनेत्यांच्या संघटनेची, म्हणजे स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्डची पारितोषिके, कारण तिथे मत देणाऱ्यांपैकी काही जण अकादमीतही मत देतात. २००१ मध्ये ब्रिटनच्या चित्रपट पुरस्कारांनी, म्हणजे बाफ्टाने, आपला सोहळा ऑस्करच्या आधी आणला. २००४ मध्ये ऑस्करच मार्चअखेरीवरून फेब्रुवारीअखेरीस सरकले, त्यामुळे हंगाम आवळला गेला आणि प्रचाराला अधिक लवकर सुरुवात करणे भाग पडले. सप्टेंबरच्या आगेमागे भरणारे व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरोंटो हे महोत्सव मग पहिल्या फेरीचे आखाडे बनले. १९९०च्या दशकात मिरामॅक्स या चित्रपट कंपनीने चित्रफिती, खासगी खेळ आणि मतदारांशी सततचा संपर्क यांचे जे यंत्र उभे केले, त्याचे अनुकरण इतरांनी केले. इंटरनेट आल्यावर, २००० मध्ये सुरू झालेल्या, पुरस्कारांचे अंदाज देणाऱ्या गोल्ड डर्बीसारख्या संकेतस्थळांवर, रोज बदलणारी क्रमवारी वाचकांना मिळू लागली. पूर्वी एका सदरलेखिकेच्या कानात सांगावी लागणारी गोष्ट आता एकाच वेळी शंभर ठिकाणी पेरता येते, एवढाच काय तो फरक.

दावेदाराला कोणत्या रांगेत उभे करायचे, हाही या डावाचाच भाग आहे. सहायक भूमिकांचे पुरस्कार १९३७ च्या सोहळ्यापासून दिले जाऊ लागले. १९४४ च्या ‘गोइंग माय वे’मधील एकाच भूमिकेसाठी बॅरी फिट्झजेराल्ड यांना मुख्य आणि सहायक अशी दोन्ही नामांकने मिळाली, तेव्हा एका भूमिकेला एकाच विभागात नामांकन, असा नियम करावा लागला. पण भूमिका मुख्य की सहायक, हे आजही मतदारच ठरवतात. निर्मात्याने केलेली शिफारस त्यांच्यावर बंधनकारक नसते. २००९ मध्ये केट विन्स्लेट यांना ‘द रीडर’साठी गोल्डन ग्लोब मिळाला तो सहायक अभिनेत्रीचा, कारण मुख्य भूमिकेसाठी ‘रेव्होल्युशनरी रोड’ पुढे करायचे असे ठरले होते. ऑस्करच्या मतदारांनी तो हिशेब उलटवला. त्यांनी ‘द रीडर’लाच मुख्य भूमिकेत घेतले आणि विन्स्लेट जिंकल्या. महिनोन्महिने मांडलेले कोष्टक एका सकाळीत निकामी झाले.

अटकळ संपूर्ण हंगामभर ठाम राहूनही शेवटच्या क्षणी फसते, याचे सर्वांत बोलके उदाहरण २०२१ चे. ऑगस्ट २०२० मध्ये निधन पावलेले चॅडविक बोझमन यांना ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’साठी गोल्डन ग्लोब आणि स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड हे दोन्ही पुरस्कार मिळाले होते. २५ एप्रिलच्या सोहळ्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाऐवजी अभिनेत्याचा पुरस्कार सर्वांत शेवटी ठेवण्यात आला, तेव्हा समारोप बोझमन यांच्या स्मरणाने होणार असे सर्वांनी गृहीत धरले. लिफाफ्यातून नाव निघाले ‘द फादर’मधील अँथनी हॉपकिन्स यांचे. ते तिथे नव्हते. ८३ वर्षांचे हॉपकिन्स वेल्समध्ये होते. पुरस्कार देणारे वाकीन फिनिक्स यांनी अकादमीच्या वतीने तो स्वीकारला आणि कार्यक्रम तसाच संपला. त्याआधी बाफ्टा हॉपकिन्स यांना मिळाला होता, म्हणजे खूण दिसत होती. ती वाचायची कोणाची तयारी नव्हती. जाता जाता कोल्बेर यांच्या प्रसंगाची आठवण करून देणारा एक योगायोग: तो सोहळा लॉस एंजेलिसच्या युनियन स्टेशनवर, म्हणजे रेल्वे स्थानकातच भरला होता.

मतदानाची रचना समजली की लवकरच्या चर्चेला एवढे महत्त्व का, हे उमगते. अभिनयाची नामांकने फक्त अकादमीतले अभिनेते ठरवतात. त्यांची संख्या हजाराहून थोडी अधिक आहे आणि प्रत्येक जण पसंतीक्रमाने पाच नावे लिहितो. पाच जागांसाठीच्या या पद्धतीत साधारण सहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त मते पदरात पडली की नामांकन पक्के होते. म्हणजे काहीशे लोकांना एखादे काम मनापासून आवडणे पुरेसे असते. पण त्यासाठी त्यांनी ते पाहिलेले असावे लागते, आणि ढीगभर चित्रपटांतून कोणता आधी लावायचा, हे कानावर आलेली नावेच ठरवतात.

२०२३ मध्ये ‘टू लेस्ली’साठी आंद्रेया राइझबरो यांना मिळालेल्या नामांकनाने हे गणित उघडे पाडले. चित्रपटगृहांत नगण्य कमाई केलेल्या या चित्रपटाचे नाव कोणत्याही आघाडीच्या यादीत नव्हते. मतदान तोंडावर आले असताना अनेक नामवंत कलावंतांनी समाजमाध्यमांवर आणि परिचितांमध्ये त्याचा गवगवा केला आणि वर्षभर चर्चेत असलेल्या नावांना मागे टाकून राइझबरो पाचांत आल्या. अकादमीने प्रचाराच्या पद्धतीची चौकशी केली, नामांकन कायम ठेवले आणि नंतर प्रचाराचे नियम कडक केले. माझ्या मते तिथे झाले ते रॉजर्स यांनी केले तेच, फक्त वर्षभराऐवजी काही दिवसांत आणि पगारी प्रसिद्धिप्रमुखाऐवजी मित्रमंडळींकरवी.

एप्रिल २०२५ मध्ये अकादमीने आणखी एक नियम जाहीर केला: अंतिम फेरीत एखाद्या विभागात मत द्यायचे असेल, तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट सदस्याने पाहिलेले असले पाहिजेत. तोवर अशी सरसकट अट नव्हती, हे ऐकून अनेकांना नवल वाटले. ही अट अंतिम फेरीपुरतीच आहे. त्याआधीच्या अभिनयाच्या नामांकनाच्या फेरीत, जिथे महिनोन्महिने पेरलेल्या नावांचा सर्वाधिक उपयोग होतो, सदस्याने काय पाहावे आणि किती पाहावे, हे त्याच्या मर्जीवरच सोडलेले आहे.