ताप उतरला, विषाणू कुठे गेला?

नवरात्र जवळ आली की वडोदऱ्यात गरब्याच्या पासांइतकीच डेंग्यूच्या रिपोर्टांची चर्चा चालते. दांडिया बाजारातल्या एखाद्या मराठी घरात तेव्हा हमखास वाद रंगतो: तापाच्या दुसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आणि दहाव्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये निगेटिव्ह, मग खोटं कोण? कोणीच नाही. मधल्या दिवसांत रक्त साफ झालं.

एनएस१ हे बाधित पेशींनी रक्तात सोडलेलं विषाणूचं प्रथिन. खुद्द विषाणू रक्तात साधारण चार-पाच दिवसच सापडतो. त्याला पहिला अडसर इंटरफेरॉनचा. आयझॅक्स आणि लिंडेनमन या शास्त्रज्ञांनी 1957 मध्ये शोधलेलं हे प्रथिन. बाधित पेशी ते सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होऊन विषाणूची वाढ अवघड करतात. ताप, अंगदुखी यांत बराच वाटा याच धावपळीचा. पाचव्या दिवसाच्या सुमारास आयजीएम, म्हणजे संसर्गानंतर आधी तयार होणाऱ्या अँटीबॉडी, दिसू लागतात. अँटीबॉडी विषाणूला चिकटते. पण त्याला गिळून पचवतात त्या यकृतातल्या आणि प्लीहेतल्या मॅक्रोफेज पेशी. यकृतातून मिनिटाला सुमारे दीड लिटर रक्त वाहतं, त्यामुळे ही गाळणी झपाट्यानं होते. तिकडे टी पेशी (रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशी) बाधित पेशींनाच मारतात, म्हणजे नवा माल येणं थांबतं.

डेंग्यूची खरी लबाडी पुढेच आहे. त्याचे प्रकार चार. एका प्रकारानंतर काही वर्षांनी दुसरा झाला, तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, पण निकामी करत नाहीत. मॅक्रोफेज नेहमीप्रमाणे ती जोडी आत घेते. आणि डेंग्यूला वाढायला नेमकी हीच पेशी हवी असते! दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू अधिक गंभीर होण्याचं हे एक मोठं कारण.

शिवाय विषाणू ओसरतो, ताप उतरतो, त्याच सुमारास काही रुग्णांच्या केशवाहिन्या पाझरू लागतात. विषाणूपेक्षा त्याच्याशी झालेल्या झुंजीचा हा परिणाम जास्त. हा जोखमीचा काळ साधारण 24 ते 48 तासांचा. आणि आपण नेमके तेव्हाच म्हणतो, ‘बरं वाटतंय, एक राउंड खेळून येते.’

पपईच्या पानांचा रस आणि प्लेटलेटचा आकडा यांवर फोनाफोनी पुष्कळ होते. त्याच रिपोर्टात हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण, छापलेला असतो, त्याकडे कोणी बघत नाही. तो चढत असेल तर रक्तातलं पाणी बाहेर झिरपतंय. सोबत पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या किंवा ग्लानी असेल, तर ताप नसला तरी तडक रुग्णालय गाठायचं.