समुद्रस्वास्थ्य-मूल्यमापन (गोदावरी खोऱ्याच्या संदर्भात)

एखाद्या प्रादेशिक समुद्राच्या पर्यावरणाची अवस्था निवडक निर्देशकांनी मोजणे आणि ती मान्य संदर्भस्थितीशी ताडून बरी-वाईट ठरवणे, ही या मूल्यमापनाची पद्धत. विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रोजन व फॉस्फरसची संयुगे, हरितद्रव्य, पाण्याची पारदर्शकता, तळावरचे जीव, माशांचे साठे, जड धातू, प्लास्टिक हे नेहमीचे निर्देशक होत.

गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातील मराठवाड्याला समुद्रकिनारा नाही. तथापि येथील बहुतेक सर्व पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. पूर्णा, दुधना, सिंदफणा, मांजरा, मनार या नद्या गोदावरीच्या, तर धाराशिव व बीड जिल्ह्यांच्या दक्षिण भागातील पाणी सीना-बोरीवाटे भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. अपवाद अजिंठ्याच्या डोंगराचा. सोयगावकडचे पाणी वाघूरमार्गे तापीत व तेथून अरबी समुद्रात जाते. अजिंठा लेण्यांखालची वाघोरा याच पाणलोटातली.

उगम : या पद्धतीचा प्रारंभ कोठे धरावा याबाबत एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९७४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने सुरू केलेला प्रादेशिक समुद्र कार्यक्रम येथून सुरुवात करतात. उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्रासाठीचा हेलसिंकी करार १९७४ चा, भूमध्य समुद्राची कृतियोजना १९७५ ची व बार्सिलोना करार १९७६ चा. दुसरे मत मागे जाऊन १९०२ मध्ये कोपनहेगन येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय समुद्र-समन्वेषण परिषदेला हा मान देते. मात्र त्या परिषदेपुढचे मुख्य प्रश्न हेरिंग-कॉडसारख्या माशांच्या स्थलांतराचे व अतिमासेमारीचे होते. समुद्र निरोगी की आजारी, असा प्रश्न तिने तेव्हा घातलेला दिसत नाही. त्यामुळे पहिले मतच अधिक ग्राह्य वाटते. अर्थात जुन्या नोंदी नसत्या तर पुढच्यांना ताडून पाहायला काही उरले नसते, हेही खरे. पारदर्शकता मोजण्याची पांढरी तबकडी याहूनही जुनी. इटलीतील जेझुइट खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी ती १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून वापरली आणि ती आजही तशीच दोरीला बांधून पाण्यात सोडतात.

संदर्भस्थिती : सगळ्या वादाचे मूळ येथे आहे. निर्देशक मोजणे हे उपकरणांचे काम. पण मोजलेला आकडा कशाशी ताडायचा? जुनी निरीक्षणे, तुलनेने अस्पर्श राहिलेली ठिकाणे किंवा संगणकीय प्रतिमान, असे तीन मार्ग सांगितले जातात. बाल्टिकमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची सेक्की-तबकडीची निरीक्षणे मिळत असल्याने तेथे पहिला मार्ग चालतो. बंगालच्या उपसागराची तशी दीर्घ नोंदमालिका नाही, म्हणून समुद्रतळाच्या गाळाचा आधार घ्यावा लागतो.

गोदावरीच्या मुखासमोर काढलेल्या अशा एका गाळगाभ्याचा (तळातून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्याचा) अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या सुमारे चार हजार वर्षांत गाळ साचण्याचा वेग बराच वाढला आणि त्यात दख्खनच्या बेसाल्टचा वाटाही वाढला, असा त्याचा निष्कर्ष आहे. निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे (वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचे) प्रमाण पाहून बेसाल्टचा तरुण गाळ आणि पूर्वेकडील प्राचीन ग्रॅनाइट-नाइस खडकांचा गाळ वेगळे ओळखता येतात. म्हणजे नाशिकपासून नांदेडपर्यंतच्या काळ्या मातीची धूप समुद्रतळावर वाचता येते. ही वाढ कशाने झाली? एक कारण हवामानाचे : पावसाळा क्षीण होत गेला, वनस्पतींचे आच्छादन विरळ झाले आणि जो पाऊस पडे तो उघडी जमीन धुऊन नेई. दुसरे कारण शेतीचे. पैठणजवळच्या आपेगाव येथील उत्खननात ताम्रपाषाणयुगीन वस्ती मिळाली आहे आणि त्या काळात दख्खनमध्ये कोरडवाहू शेती पसरत होती. ही दोन कारणे एकमेकांपासून सोडवता येतील असे वाटत नाही; जमीन आधी उघडी पडली आणि शेतीने ती उघडीच ठेवली, असा क्रम त्यातल्या त्यात संभाव्य दिसतो.

मूल्यमापनाच्या दृष्टीने याचा परिणाम चमत्कारिक होतो. नांगर येण्यापूर्वीची स्थिती ‘मूळ’ मानली तर त्यानंतरची शतके अतिगाळाची ठरतात. आंध्रातील धवळेश्वरम येथील गोदावरीवरचा बंधारा १८५२ चा. त्याच्या आधीची किंवा १९७६ मध्ये जायकवाडी पूर्ण होण्याआधीची स्थिती मूळ मानली तर आजचा समुद्र गाळाच्या तुटीत निघतो. निर्देशक एकच असूनही निकाल नेमके उलट येतात. युरोपात ही अडचण संदर्भमूल्याला ठरावीक सूट देऊन भागवली जाते. ती शास्त्रापेक्षा तडजोडच अधिक आहे.

एकत्रीकरण : स्वतंत्र निर्देशकांतून एकच निकाल काढण्याच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिलीत एक निकष नापास तर सगळेच नापास. बाल्टिकच्या २०११–१६ या काळाच्या मूल्यमापनात, या धर्तीच्या निकषांनी, ९७ टक्के क्षेत्र अतिपोषणाने (नायट्रोजन-फॉस्फरसच्या अतिरेकाने) ग्रस्त ठरले. दुसरीत सरासरी काढतात. २०१२ मध्ये मांडलेला महासागर आरोग्य निर्देशांक दहा उद्दिष्टांना शून्य ते शंभर गुण देतो; त्यांत अन्न, पर्यटन व रोजगारही येतात, त्यामुळे तो पर्यावरणाचा निर्देशांक म्हणावा का, ही शंका रास्त आहे. युरोपीय संघाच्या समुद्रविषयक २००८ च्या निर्देशात अकरा वर्णनघटक (समुद्राची अवस्था ठरवण्याच्या बाबी) आहेत. त्यांनुसार २०२० पर्यंत ‘चांगली अवस्था’ गाठायची होती, ती सर्वत्र गाठता आली नाही.

गाळ व सिलिका : गोदावरीचा निलंबित गाळ १९७१–७९ मधील वर्षाकाठी सुमारे १५ कोटी टनांवरून १९९०–९८ मध्ये ६ कोटी टनांच्या आत आला, असे एका बहुधा सर्वाधिक उद्धृत अभ्यासाचे म्हणणे आहे. काकीनाड्याजवळील उप्पाडाचा किनारा खचत चालल्याचे कारण याच तुटीत शोधले जाते. त्रिभुज प्रदेशाचे खाली बसणे व चक्रीवादळे ही कारणेही त्यात मिसळतात. मराठवाड्यात एकट्या जायकवाडीचा एकूण साठा २,९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर) असून त्याखाली माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर, विष्णुपुरी, बाभळी आणि तेलंगणातील श्रीरामसागर अशी अडवणुकीची साखळी आहे. तरीही सगळा दोष या साखळीवर टाकणे बरोबर नाही. मराठवाड्याकडचे हे वरचे खोरे क्षेत्राने मोठे असले तरी पर्जन्यछायेतले आहे आणि गोदावरीचे बहुतांश पाणी प्राणहिता, इंद्रावती व शबरी आणतात. धरणांतला गाळ शेतात टाकण्याची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना राज्यात २०१७ पासून आहे. शेतकऱ्याच्या हिशेबात तो गाळ नफ्याचा, आणि जायकवाडीच्या पोटात गाळपेर करणाऱ्यांना ते वेगळे सांगायला नको. समुद्राच्या हिशेबात तो कधी धरलाच जात नाही.

गाळाबरोबर विरघळलेली सिलिका येते. बेसाल्ट लवकर झिजतो, म्हणून दख्खनचे पाणी सिलिकेने समृद्ध असते. डायटम या वनस्पतिप्लवकांना (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींना) कवचासाठी ती लागते आणि माशांच्या अन्नसाखळीचा मोठा भाग डायटमांवर उभा आहे. जलाशयात पाणी थांबले की डायटम तेथेच वाढतात आणि तळाला बसतात. सिलिका धरणात अडकते, शेतांतून आलेले नायट्रोजन मात्र तुलनेने सहज पुढे सरकते. समुद्रात मग डायटमांऐवजी दुसरे, कधी उपद्रवी, प्लवक बळावतात. युरोपातील डॅन्यूब नदीवरील ‘लोखंडी दरवाजा’ धरण व काळा समुद्र यांबाबत १९९७ मध्ये ही मांडणी झाली. नंतरच्या मोजणीत त्या धरणात सिलिका फारशी अडकत नसल्याचे दिसून आले आणि वरच्या भागातील जलाशयांकडे बोट गेले. तत्त्व टिकले, उदाहरण डळमळले. गोदावरीला ते लावताना त्यामुळे हात राखूनच लावावे.

ऑक्सिजन : बंगालच्या उपसागरात मध्यम खोलीवर ऑक्सिजन अत्यल्प असतो; पण अरबी समुद्रासारखा तो पुरता संपत नाही. २०१७ च्या एका अभ्यासात तेथे ऑक्सिजनचा लेशमात्र अंश आढळला आणि त्यामुळे नायट्रोजनचा ऱ्हास (सूक्ष्मजीवांमुळे संयुगांतील नायट्रोजन वायू होऊन निघून जाणे) रोखला जात असल्याचा तर्क मांडला गेला. एक जुने स्पष्टीकरण नद्यांच्या गाळाचे आहे. खनिजकण सेंद्रिय पदार्थांना वजन देऊन वेगाने खोल नेतात, त्यामुळे मधल्या थरात ते कुजायला थांबत नाहीत. हे खरे असेल तर गाळाची तूट म्हणजे ऑक्सिजनलाही धोका. येथे मात्र मोजमापापेक्षा अनुमानच पुढे आहे.

भारतीय व्यवस्था : दक्षिण आशियाई समुद्रांची कृतियोजना १९९५ मध्ये स्वीकारली गेली, तिच्यात भारतासह पाच देश आहेत. किनारी पाण्याची नियमित देखरेख १९९० च्या सुमारास सुरू झाली व आता ती चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राकडे आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे किनारी पाण्याचे पाच वर्ग वापरावर बेतलेले आहेत : मिठागरे व शिंपले, स्नान, औद्योगिक शीतन, बंदर इत्यादी. पाणी कशास योग्य आहे एवढेच त्यातून कळते, परिसंस्थेची अवस्था कळत नाही. नदीच्या बाजूला केंद्रीय जल आयोगाची धालेगाव, पूर्णा, येळी अशी मापनकेंद्रे मराठवाड्यात आहेत. नदीपाण्याच्या तपासणीत भर बीओडी (सेंद्रिय घाण कुजायला लागणारा ऑक्सिजन) व कोलिफॉर्म जिवाणूंवर असतो. नांदेडच्या नाल्यांचा आणि जलपर्णीचा प्रश्न त्यातून पुढे येतो, सिलिकेचा येत नाही.

बाभळी बंधाऱ्याची दारे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडी ठेवावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ठरवून दिले. वाद महाराष्ट्र व तत्कालीन आंध्र प्रदेश या दोन राज्यांच्या पाणीवाटपाचा होता. पुराच्या महिन्यांत गाळालाही त्या बंधाऱ्यातून श्रीरामसागरापर्यंत वाट मिळते ती त्यामुळेच.