गणपतीची गोळी चालते, मग ही का नको? रजोनिवृत्तीच्या हार्मोन उपचारांची पार्श्वभूमी

वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या वाडीत मे महिन्यात कुणी अर्ध्या रात्री मागलं दार उघडलं तर कुणाला नवल वाटत नाही. उकाडाच तसा असतो. काकी दोन वर्षं रात्री उठून पडवीत बसायची, पदराचं टोक कळशीत बुडवून मानेवरून फिरवायची, आणि घरातले म्हणायचे, यंदा उकाडा फार आहे. जानेवारीतही ती तशीच बसलेली दिसली, तेव्हा मी विचारलं. काजूच्या कारखान्यात पंचवीस वर्षं काढलेली बाई. म्हणाली, "आंगात भट्टी पेटल्यासारखा वाटता गो." पाळी जाऊन तेव्हा तिला वर्ष झालं होतं. वय ४९.

यावर औषध आहे, असं म्हटल्यावर तिने हात झटकला. त्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कुठून कळलं, ते सांगता येत नव्हतं. मात्र भाद्रपद जवळ आला की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणून हीच काकी वर्षानुवर्षं घेत आली होती. गणपती घरात असताना बाजूला बसणं नको, म्हणून कोकणातल्या किती बायका ती घेतात! त्या गोळीत बहुतेक वेळा नॉरएथिस्टेरॉन असतं, म्हणजे प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या अंगातल्या हार्मोनसारखं काम करणारं हार्मोनच. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एन या गर्भनिरोधक गोळीत तर इस्ट्रोजेन हे बायकांचं दुसरं हार्मोनही आहे. हार्मोन आमच्या घरांत कधीचं शिरलेलं आहे. भीती आहे ती एकाच वयातल्या हार्मोनची, आणि ती भीती कुठून आली हे बघायला थोडं मागे जावं लागतं.

पाळी जाणं ही गोष्ट आपल्याकडे जुन्या काळापासून नोंदलेली आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात रज बाराव्या वर्षी सुरू होतं आणि पन्नाशीला, शरीर जरेने पिकलं की, क्षय पावतं, असं म्हटलं आहे. युरोपात याला 'मेनोपॉज' हे नाव मिळालं १८२१ साली, गार्दान या फ्रेंच डॉक्टरकडून. भारतातल्या बायकांची पाळी सरासरी ४६-४७ च्या सुमारास जाते, पाश्चात्त्य देशांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे आमच्याकडे हे सगळं ऐन कामाच्या वयात येतं.

अंगातून वाफा का येतात? मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. इस्ट्रोजेन घटलं की त्या भागातल्या काही चेतापेशी अति जाग्या होतात, आणि अंगाची ऊब जराशी वाढली तरी शरीर तापल्यासारखं वागतं. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. देशावरच्या कोरड्या हवेत तो घाम वाळून थोडा गारवा तरी देतो. आमच्या दमट हवेत तो वाळतच नाही. कोकम सरबताने जिवाला बरं वाटतं, ते जरूर प्यावं, पण मेंदूतल्या त्या केंद्रापर्यंत त्याचा हात पोचत नाही.

औषधाचा शोध १८९० च्या दशकात सुरू झाला. जर्मनीत डॉक्टरांनी जनावरांच्या बीजकोशांची, म्हणजे अंडाशयांची, पूड बायकांना देऊन पाहिली. १९२३ मध्ये अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी यांनी बीजकोशातल्या द्रवात काहीतरी प्रभावी द्रव्य असल्याचं दाखवलं, आणि १९२९ मध्ये डॉइझी यांनी गरोदर स्त्रियांच्या लघवीतून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडा आणि अमेरिकेत प्रेमारिन बाजारात आलं. गाभण घोड्यांच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन. नावही त्यावरूनच पडलं.

पुढे जे झालं त्याचा मला राग येतो. १९६६ साली न्यूयॉर्कचे डॉक्टर रॉबर्ट विल्सन यांनी एका गाजलेल्या पुस्तकात रजोनिवृत्ती हा कमतरतेचा रोग ठरवला आणि इस्ट्रोजेनने स्त्रीपण टिकतं असं सांगितलं. त्यांच्या कामामागे औषध कंपन्यांचा पैसा होता, हे नंतर बाहेर आलं. रात्री झोप लागत नाही अशा बाईला झोप मिळवून देणं वेगळं, आणि तुझं बाईपण संपलं असं सांगून तिला गोळी विकणं वेगळं. त्या काळी गर्भाशय शाबूत असलेल्या बायकांनाही नुसतं इस्ट्रोजेन दिलं जाई. १९७५ मध्ये दोन अभ्यासांनी दाखवलं की अशा बायकांत गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी पट जास्त होतो. कारण सरळ आहे. इस्ट्रोजेन अस्तर वाढवत राहतं आणि प्रोजेस्टेरॉन त्या वाढीला आवर घालतं. म्हणून तेव्हापासून नियम पडला: पिशवी असेल तर दोन्ही हार्मोन, पिशवी काढलेली असेल तर बहुधा एकटं इस्ट्रोजेन.

आमच्याकडे 'पिशवी काढली' हे शब्द बायका किती सहज बोलतात! पण पिशवीबरोबर बीजकोशही गेले की नाही, हे अनेकींना माहीत नसतं. शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा तो यासाठी. पंचेचाळिशीच्या आत बीजकोश गेले असतील तर हाडं आणि हृदय यांच्यासाठी पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घेण्याचा सल्ला दिला जातो, अर्थात दुसरी अडचण नसेल तर.

काकीच्या मनातल्या भीतीचं मूळ मात्र जुलै २००२ मध्ये आहे. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर दोन्ही हार्मोनांची चाचणी चालू होती, ती सरासरी ५.२ वर्षांनी मधेच थांबवली गेली. जगभर बातम्या झाल्या: हार्मोनमुळे स्तनाचा कॅन्सर २६ टक्के वाढतो. आकडा खरा होता. पण दर वर्षी दहा हजार बायकांमागे ३० जणींना होणारा कॅन्सर ३८ जणींना झाला, असं कुणी सांगितलं असतं तर त्या बातमीचं वजन वेगळं वाटलं असतं. हृदयविकार, पक्षाघात आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी हेही वाढले होते, खुब्याची हाडं मोडणं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी झाला होता. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. अंगातून वाफा येणारी पन्नाशीची बाई त्या चाचणीत थोडकीच होती. पिशवी काढलेल्या १०,७३९ बायकांची एकट्या इस्ट्रोजेनची चाचणीही २००४ मध्ये पक्षाघातामुळे थांबली, पण त्यांच्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नव्हता. पुढच्या दीर्घ पाहणीत तो कमीच दिसला.

ही दुरुस्ती व्हायला वर्षं गेली. भीती एका दिवसात चिपळूणपासून बांद्यापर्यंत पोचली. मागाहून आलेली माहिती वाटेतच राहिली. आज तज्ज्ञांचं मत असं आहे की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसताना, त्रास खरोखर असेल आणि आड येणारा आजार नसेल, तर बहुतेकींना फायदा धोक्यापेक्षा जास्त. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचे बरेचसे ठळक इशारे काढायचं जाहीर केलं. एकट्या इस्ट्रोजेनवरचा गर्भाशयाच्या कॅन्सरचा इशारा मात्र ठेवला.

स्तनाचा कॅन्सर होऊन गेलेला, पाय किंवा फुप्फुसात गुठळी, पक्षाघात, हृदयाचा झटका, यकृताचा गंभीर आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांतलं काही असेल तर हा रस्ता सहसा बंद. अशांसाठी हार्मोन नसलेली औषधंही आहेत. मेंदूतल्या त्या चेतापेशींनाच शांत करणारी एक गोळी, फेझोलिनेटंट, अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली; यकृताचा गंभीर आजार असेल तर मात्र तीही चालत नाही.

रस्ता मोकळा असेल तर निवड करायची असते. पोटातून घेतलेली इस्ट्रोजेनची गोळी आधी यकृतातून जाते आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती थोडी वाढवते. कातडीवर लावायची जेल किंवा पट्टी थेट रक्तात उतरते, म्हणून गुठळीची भीती तिथे कमी. आमच्या हवेत घामाने पट्टी सुटते, त्यापेक्षा जेल बरी, असं मला वाटतं. आणि ज्या दुखण्याबद्दल कुणीच बोलत नाही, योनीमार्गाचा कोरडेपणा, जळजळ, पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग, त्यासाठी तिथेच लावायचं कमी मात्रेचं क्रीम असतं. ते रक्तात फारच थोडं जातं. साठी ओलांडलेल्या कितीतरी बायका मासळीची टोपली घेऊन दिवसभर बाजारात बसतात आणि ही आग मुकाट सोसतात.

दापोलीजवळच्या मुरुडच्या मातीतले र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून शरीराबद्दल मराठीत उघड बोलायला सुरुवात केली. पाळणा लांबवण्यावर त्यानंतर घराघरांत बोललं गेलं. पाळी गेल्यावरच्या बाईची पाळी अजून यायची आहे.

काकीला मी अखेर डॉक्टरांकडे नेलं. कागदावर तीन प्रश्न लिहून दिले होते: मला कुठलं हार्मोन, गोळी की जेल, आणि पुन्हा कधी तपासणी. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, मॅमोग्राफी लिहून दिली. निघताना काकीने कागद उलटा केला. पाठीमागे तिच्या अक्षरात चौथा प्रश्न होता: गणपतीच्या गोळ्या इतकी वर्षं घेतल्या, त्यांचं काय?

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "त्यांचा परिणाम त्या दिवसांपुरताच, मावशी. पण एक सांगा, त्या घेत असताना कधी एकच पाय सुजला होता? पोटरी दुखली होती?"